मशीनवर ‘ई १५’ आलंय, तिरपी करू का?

प्रश्न : ताई नमस्कार, मी नागपुरात बेसाला राहते. डिशवॉशर घेऊन दोन वर्षं झाली, आजवर काहीच त्रास नव्हता. परवा रविवारी पाहुणे होते, सावजी मटण केलं होतं, रात्री सगळे भांडे लावून दिले आणि अर्ध्यातच मशीन थांबून बीप करून राहिली, वर ई १५ लिहून आलं. बटण बंद केलं तरी आतून घुर्रघुर्र आवाज येऊनच राहिला, मग मेन स्विच बंद केला. मशीनची पावडर संपली होती म्हणून त्या दिवशी साधं भांड्याचं लिक्विड टाकलं होतं, पण थोडंसंच. दीर म्हणतो मोबाइलवर व्हिडिओ आहे, मशीन पुढे तिरपी केली की खालचं पाणी निघतं अन् कोड पण जातो. सासूबाई म्हणतात हात लावू नका. काय करू?

उत्तर : सासूबाईंचं ऐका. मेन स्विच बंद केला हे फार चांगलं केलं तुम्ही, आता तो तसाच राहू द्या.

आधी तो कोड काय सांगतोय ते बघू. कोड कंपनीगणिक बदलतात, एकीकडे पाणी बाहेर जात नसेल तर ई २४ येतो तर दुसरीकडे त्यालाच ओई म्हणतात, म्हणून मशीनसोबत आलेलं पुस्तक काढून एकदा खात्री करा. पण ई १५ ज्या मशीनांत येतो तिथे त्याचा अर्थ असा की मशीनच्या बुडाशी जो ट्रे असतो त्यात पाणी आलंय. त्या ट्रेमध्ये थर्माकोलचा एक छोटा तुकडा असतो, पाणी आलं की तो तरंगून वर येतो आणि एक स्विच दाबतो, लगेच आत येणारं पाणी बंद आणि बाहेर फेकणारा पंप सुरू. बटण बंद करूनही तुम्हाला जी घुर्रघुर्र ऐकू आली ती हाच पंप. म्हणजे तुमच्या स्वयंपाकघरात पाणी पसरू नये म्हणून मशीन झटून राहिली होती, तिला गप्प करायची घाई नको.

तिरपी का नको ते सांगते. त्याच बुडाशी मोटर आहे, वायरी आहेत, आणि मशीन ४०-५० किलोची. ओल्या फरशीवर दोघांनी ती पुढे झुकवायची, एकाचा पाय घसरला तर अंगावर येईल, आणि प्लग लावलेला राहिला असेल तर काय होईल हे लिहायलाही नको वाटतं. बरं, पाणी सांडून कोड गेला असं धरू, पण पाणी आलं कुठून ते तर तसंच राहिलं ना? दोन धुण्यांनी परत तेच, आणि तेव्हा मध्यरात्री सगळे झोपलेले असतील.

म्हणून आधी करंट तोडायचा, मग पाणी. सॉकेट मशीनच्या मागे असेल किंवा फरशी ओली असेल तर तिकडे हात घालू नका, कोरड्या जागी उभं राहून, पायात चप्पल घालून, मेन बोर्डावरून त्या लाइनचा एमसीबी, म्हणजे गडबड झाली की आपोआप पडतो तो खटका, खाली करा. नंतर मशीनला येणारा नळ बंद. बंद करताना नळाचा जोड हाताने चाचपून बघा, ओला लागला तर निम्मं उत्तर तिथेच मिळालं.

गरम पाण्याचा प्रोग्रॅम चालू असताना थांबली तर दार एकदम उघडू नका, आतलं पाणी ६५-७० डिग्रीपर्यंत असतं आणि वाफ थेट तोंडावर येते. तुमची तर केव्हाच थंड झाली असेल. खालची जाळी काढा, तिच्याखाली गोल फिल्टर आहे तो फिरवून उचला. साचलेलं पाणी वाटीने काढा, उरलेलं स्पंजने टिपा. आणि हातमोजे घाला, रबरी जाड. मागच्या वर्षी मी नुसत्याच हाताने आत चाचपलं, वाटलं मोहरी आणि सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, काड्याच असतील, तर चहाच्या ग्लासची बारीक कपची होती, पारदर्शक, पाण्यात दिसलीच नाही, बोट असं कापलं की आठ दिवस कणीक मळता आली नाही.

आता तुमचं ते ‘थोडंसंच’ लिक्विड. मला तरी दोष त्याचाच वाटतो. हाताने भांडी घासायचं लिक्विड फेस व्हावा म्हणूनच बनवलेलं असतं आणि मशीनची पावडर फेस होऊ नये अशी असते. आत पाण्याचे फवारे जोरात फिरतात, दोन चमचे लिक्विडचासुद्धा डोंगरभर फेस होतो, तो दाराच्या खालच्या रबरातून झिरपतो आणि ट्रेमध्ये जाऊन बसतो. दाराच्या खालच्या कडेवर बोट फिरवून बघा, चिकट-साबणाचं लागलं तर समजा तेच झालंय. फेस सगळा पुसून काढा, दार उघडं ठेवा, करंट आणि नळ बंदच, आणि दोन दिवस थांबा. नागपूरच्या उन्हाळ्यात ट्रेमधलं थोडंफार पाणी आपोआप सुकतं. मग फरशी आणि प्लग कोरडे आहेत ना ते बघून सुरू करा, भांडी न लावता, काहीही न टाकता, सगळ्यात छोटा प्रोग्रॅम, आणि तो पूर्ण होईपर्यंत घरात कोणीतरी मोठं माणूस जागं हवं.

कोड परत आला, जळका वास आला, एमसीबी पडला किंवा मशीनला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर लगेच बंद करून कंपनीच्या माणसालाच बोलवा. मागचं पॅनल दिरांना उघडू देऊ नका. कोडचा फोटो आणि दाराच्या कडेवरचा मॉडेल नंबर लिहून ठेवा, फोनवर तोच विचारतात. कंपनीचा माणूस आला की पाणी नेमकं कुठून आलं ते दाखवायला सांगा, नुसता ट्रे पुसून गेला तर पैसे देण्याआधी विचारा. अर्थिंग पण तपासून घ्या, आणि १६ अ‍ॅम्पिअरच्या प्लगला एक्स्टेन्शन बोर्ड असेल तर तो आजच काढा, पाणी तापवताना मशीन २००० वॅटच्या आसपास खेचते.

प्रश्न : आम्ही मनीषनगरला सगळ्यात वरच्या मजल्यावर, टाकी डोक्यावरच आहे. मशीनवर ई १८ येतं, नळाला तर पाणी असतं. बोअरच्या पाण्याने होतं का?

उत्तर : दोन्ही असू शकतं. ई १८ म्हणजे बहुतेक वेळा पाणी पुरेसं येत नाही. बऱ्याच मशीनांना निदान अर्धा बार प्रेशर लागतं, म्हणजे टाकीतलं पाणी नळापेक्षा साधारण ५ मीटर उंच हवं, टाकी तुमच्या स्लॅबवरच असेल तर तेवढं मिळत नाही, मग प्रेशर पंप लावावा लागतो. पण खर्चाआधी नळ बंद करून पाइपचा जोड खोला, आत बारीक जाळी असते, बोअरच्या पाण्याने तिच्यावर पांढरा थर बसतो, जुन्या टूथब्रशने घासून काढा. फक्त पाइपच्या टोकाला प्लास्टिकचा जाड डबा असेल तर तो बादलीत बुडवू नका आणि तो पाइप कापूही नका, त्या डब्यात करंटवर चालणारा व्हॉल्व्ह असतो.