झ्यूस खरंच रात्रीच्या देवीला घाबरायचा का?

तुम्ही विचारलंय की ग्रीक पुराणातला सगळ्या देवांचा राजा झ्यूस फक्त निक्सला, म्हणजे रात्रीला, घाबरायचा असं रील्समध्ये सांगतात ते खरं का. अर्धं खरं आहे, आणि उरलेलं अर्धं मला जास्त आवडतं.

ही गोष्ट येते होमरच्या इलियड या ग्रीक महाकाव्याच्या 14 व्या सर्गात. ट्रॉयचं युद्ध चालू असतं, झ्यूसच्या बायकोला, हेराला, काही वेळ झ्यूसला झोपवायचं असतं म्हणून ती झोपेच्या देवाकडे, हिप्नॉसकडे जाते. तो आधी नाहीच म्हणतो. तिला सांगतो, मागे एकदा तुझं ऐकून मी झ्यूसला झोपवलं, तेवढ्यात तू त्याच्या मुलावर, हेराक्लीसवर, वादळ सोडून त्याला कोस बेटाकडे भरकटवलंस, मग झ्यूस उठला तो इतका भडकलेला की देवांना घरभर फेकत सुटला आणि शोधत होता मलाच, समुद्रात भिरकावलंच असतं पण मी पळत रात्रीच्या आसऱ्याला गेलो आणि तो तिथेच थांबला.

आता का थांबला? होमरने तिथे जे क्रियापद वापरलंय ते ‘हाझेतो’. त्यात धडकी भरण्यापेक्षा मान ठेवून मागे सरणं जास्त आहे. रात्रीच्या मनाविरुद्ध आपल्या हातून काही होऊ नये, असं त्याला वाटलं. मला तर यासाठी आपला ‘भीड’ हा शब्दच नेमका वाटतो. घरात आजी कधी कोणावर हात उगारत नाही पण तिच्यासमोर कोणाचा आवाज चढत नाही, तसं.

आणि वयाने ती खरंच खूप मोठी आहे. हेसिअड या जुन्या ग्रीक कवीच्या थिऑगनी या देवांच्या जन्मकथेच्या काव्यामध्ये सुरुवातीला केऑस ही आदिम पोकळी, त्यातून एरेबस हा अंधार आणि ही रात्र. झ्यूस कितीतरी नंतरचा. गंमत म्हणजे लख्ख प्रकाश आणि दिवस ही तिचीच मुलं. शिवाय झोप, मृत्यू, स्वप्नं, म्हातारपण, भांडण आणि माया पण, ही सगळी तिने एकटीने जन्माला घातली, बापाशिवाय. तिच्या घराचं वर्णन तर मी कितीदा वाचलंय, दिवस आणि रात्र पितळी उंबरठ्यावर भेटतात, दोन शब्द बोलतात, एक आत येते आणि दुसरी बाहेर पडते, दोघी एकाच वेळी घरात कधीच नसतात.

फक्त घाबरण्याचंच नातं असतं तर झ्यूस आपणहून तिच्याकडे कशाला गेला असता? 1962 मध्ये थेसालोनिकीजवळ देर्वेनीला एका थडग्यापाशी चितेत अर्धवट जळालेला पपायरस, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदाची गुंडाळी, सापडला, त्यात ऑर्फियस या दंतकथेतल्या गायकाच्या नावावरच्या एका जुन्या काव्याचं विवरण आहे, आणि त्या काव्यात देवांच्या डोंगरावर, ऑलिंपसवर, राज्य कसं टिकवायचं हे झ्यूस रात्रीकडूनच ऐकून घेतो.