घरातल्या घरात स्वतःचे फोरजी नेटवर्क चालवायला परवाना लागतो का?

तुम्ही पुण्यात अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहात, अमेरिकेतल्या एका हौशी माणसाने घरात खासगी मोबाइल नेटवर्क उभारल्याचा व्हिडिओ तुम्ही पाहिला आहे आणि तसेच काही आपल्या फ्लॅटमध्ये करावे असा तुमचा विचार आहे. प्रक्षेपणाची शक्ती १० मिलिवॉटच्या वर नेणार नाही, बाहेरच्या कोणाला जोडून घेणार नाही, गरज पडल्यास हॅम रेडिओची (हौशी रेडिओ परवान्याची) परीक्षाही देईन, एवढ्यावर भागेल का, असे तुम्ही विचारले आहे. भागणार नाही. हवेत लहर सोडायची असेल तर अधिकृत परवानगीखेरीज मार्ग नाही आणि हॅम परवान्याचा येथे उपयोग नाही. मात्र या प्रकल्पातून शिकण्यासारखे जे आहे त्यातले बहुतेक सारे हवेत काहीही न सोडता शिकता येते. मी मोबाइल मोडेमच्या चाचण्या घेणाऱ्या प्रयोगशाळेत काम करतो आणि आमचेही बरेचसे काम केबलमधूनच चालते.

कायद्याचे आधी सांगतो. १८८५ च्या तार कायद्याने दूरसंचाराचा अनन्य अधिकार केंद्र सरकारकडे ठेवला आणि १९३३ च्या बिनतारी तारायंत्र कायद्याने उपकरण नुसते जवळ बाळगणेही परवान्याच्या कक्षेत आणले. २०२३ च्या दूरसंचार कायद्यानेही ही भूमिका बदललेली नाही. त्याच्या कलम ३ मध्ये सेवा देणे, नेटवर्क उभारणे किंवा चालवणे आणि रेडिओ उपकरण बाळगणे या तिन्ही गोष्टींसाठी अधिकारपत्र हवे असे म्हटले आहे, आणि घरगुती हौसेसाठी वेगळा सवलतीचा वर्ग त्यात नाही. हा कायदा टप्प्याटप्प्याने अमलात येत असला तरी शिक्षेचे कलम ४२ हे २६ जून २०२४ पासून लागू झाले आहे. अधिकारपत्राविना नेटवर्क उभारल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, दोन कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे. विद्यार्थ्यावर कोणी लगेच एवढी कारवाई करील असे मला वाटत नाही, पण त्या भरवशावर कोणी प्रकल्प सुरू करू नये.

मग वायफाय विनापरवाना कसे चालते, हा पुढचा प्रश्न साहजिकच येतो. काही वारंवारता पट्टे सरकारने शक्तीच्या मर्यादेसह परवानामुक्त केले आहेत: २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ, २०१८ च्या अधिसूचनेने मोकळा केलेला ५ गिगाहर्ट्झचा मोठा भाग, शिवाय ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपासचा चिंचोळा पट्टा. अडचण अशी आहे की तुमच्या फोनमधला मोबाइल मोडेम या पट्ट्यांत स्वतंत्र सेल, म्हणजे बेस स्टेशनचे प्रक्षेपण, शोधतच नाही. ५ गिगाहर्ट्झमध्ये एलटीईचा (फोरजीच्या तंत्रज्ञानाचा) बँड ४६ आहे खरा, पण एलटीईच्या रचनेत तो परवान्याच्या पट्ट्यातील मुख्य सेलच्या जोडीला पुरवणी म्हणूनच वापरला जातो. त्यामुळे जिथे मोकळीक आहे तिथे फोन ऐकत नाही, आणि जिथे फोन ऐकतो तो पट्टा कोणीतरी लिलावात मोठी किंमत मोजून घेतलेला असतो.

‘अगदी कमी शक्ती’ या मुद्द्यावर जरा थांबू, कारण बहुतेकांची फसगत इथेच होते. १० मिलिवॉट म्हणजे १० डीबीएम (१ मिलिवॉटच्या तुलनेत डेसिबलमध्ये सांगितलेली शक्ती). १८०० मेगाहर्ट्झवर मोकळ्या जागेत १० मीटर अंतरात सुमारे ५८ डेसिबल घट होते. ५ मेगाहर्ट्झच्या एलटीई सेलमध्ये ही शक्ती ३०० उपवाहकांत (चॅनेलच्या बारीक भागांत) वाटली जाते, म्हणजे फोन ज्या मापाने सेलची ताकद ठरवतो ते आरएसआरपी १० मीटरवर साधारण उणे ७२ डीबीएम भरते. फोनवर हा आकडा दिसला तर आपण रेंज उत्तम आहे असे म्हणतो. आता १०० मीटर अंतर घ्या आणि मध्ये भिंतींसाठी १५ डेसिबल आणखी वजा करा. तरीही आकडा उणे १०७ च्या आसपास राहतो आणि तेवढ्यावर फोन सेल ओळखतो. म्हणजे तुमच्या अभ्यासाच्या टेबलावरचा सेल समोरच्या इमारतीतल्या फोनलाही दिसू शकतो. शिवाय तुमच्या सेलला जोडलेला फोन स्वतः २०० मिलिवॉटपर्यंत प्रक्षेपण करू शकतो, आणि तो ज्या चॅनेलवर बोलतो त्याच चॅनेलवर ज्या कंपनीचा टॉवर कान देऊन बसला आहे तिच्या अभियंत्यांना अपलिंकमधला (फोनकडून टॉवरकडे येणाऱ्या लहरींतला) गोंगाट वाढल्याचे आलेखावर दिसते. विनापरवाना सिग्नल बूस्टर अशाच तक्रारींतून सापडतात. तक्रार पुढे गेल्यास दूरसंचार विभागाच्या वायरलेस मॉनिटरिंग ऑर्गनायझेशनकडे दिशाशोधक उपकरणे बसवलेल्या गाड्या आहेत. (उपग्रहांच्या लहरींवर लक्ष ठेवणारे त्यांचे केंद्र आपल्या जालन्यात आहे, हे फारसे कोणाला ठाऊक नसते.)

याहून गंभीर गोष्ट ११२ ची आहे. स्वतःच्या कंपनीची रेंज नसलेला फोन मर्यादित सेवेच्या अवस्थेत जातो आणि आणीबाणीच्या कॉलपुरता का होईना, हाती लागेल त्या कोणत्याही कंपनीच्या सेलवर येऊन थांबतो. तळमजल्यावरच्या आजींच्या फोनला नेमका तुमचाच सेल सापडला, तर त्यांचा कॉल तुमच्या लॅपटॉपवर येऊन संपेल, कारण पुढे पोलिसांशी वा रुग्णवाहिकेशी तुमची काही जोडणीच नाही. सेल ‘प्रतिबंधित’ म्हणून जाहीर करण्याची सोय प्रणालीत आहे, पण तसे केल्यास तुमचा स्वतःचा साधा फोनही त्यावर येणार नाही.

हॅम परवाना अवश्य काढा, विषय सुंदर आहे. पण त्या परवान्याने मिळतात ते हौशी सेवेचे पट्टे, आणि तेथील संभाषण उघड्या भाषेत असावे लागते. मोबाइल नेटवर्कचा गाभाच कूटबद्ध संदेशवहनाचा आहे, त्यामुळे दोन्हींचा मेळ बसत नाही.

अमेरिकेतल्या त्या गृहस्थांना जमले ते तेथील व्यवस्थेमुळे. तेथे ३५५० ते ३७०० मेगाहर्ट्झ हा सीबीआरएस पट्टा तीन स्तरांत वाटून दिला आहे. वरच्या स्तरावर नौदलाची रडारे, मधे लिलावात प्राधान्य विकत घेतलेले आणि खाली सर्वसामान्य वापरकर्ते. खालच्या स्तराला परवाना लागत नाही, मात्र प्रत्येक सेलने आपले ठिकाण एका केंद्रीय संगणकप्रणालीकडे नोंदवून तिच्याकडून वारंवारतेची मंजुरी घ्यावी लागते. ब्रिटनमध्ये ऑफकॉम या दूरसंचार नियामकाने २०१९ मध्ये स्थानिक परवान्यांची योजना आणली. ३.८ ते ४.२ गिगाहर्ट्झमध्ये ५० मीटर त्रिज्येच्या वर्तुळात कमी शक्तीने सेल चालवण्यासाठी १० मेगाहर्ट्झमागे वर्षाला ८० पौंड असा दर तिने ठरवला. जर्मनीने ३.७ ते ३.८ गिगाहर्ट्झ कारखाने आणि विद्यापीठांसाठी राखून ठेवले.

हे आपल्याकडे जसेच्या तसे का उचलता येत नाही, याचे उत्तर पट्ट्यांच्या नकाशातच आहे. अमेरिकेच्या सीबीआरएस पट्ट्याचा मोठा भाग भारतात ३३०० ते ३६७० मेगाहर्ट्झ या २०२२ च्या लिलावातील तुकड्यात येतो आणि तो मोबाइल कंपन्यांकडे आहे. ३७०० ते ४२०० हा सी-बँड म्हणजे केबलवाल्यांच्या गच्चीवरच्या मोठ्या डिश ज्यावर वाहिन्या घेतात तो पट्टा. ब्रिटिश किंवा जर्मन उपकरण पुण्यात चालू केले तर हजारो किलोमीटरवरून येणाऱ्या त्या क्षीण सिग्नलशेजारीच तुमचा सेल बोलू लागेल.

भारतात खासगी नेटवर्क अगदीच नाही असेही नाही. जून २०२२ मध्ये दूरसंचार विभागाने कॅप्टिव्ह नॉन-पब्लिक नेटवर्कची (संस्थेने फक्त स्वतःसाठी चालवायच्या नेटवर्कची) मार्गदर्शक तत्त्वे काढली, पण ती बंदरे, खाणी आणि कारखाने यांच्यासाठी आहेत. विभागाकडून थेट स्पेक्ट्रम हवा असलेल्यांची नेटवर्थ १०० कोटी रुपयांहून अधिक असावी, ही अट वाचली तरी ती वाट घरासाठी नाही हे कळते.

आता तुम्ही करण्याजोगे. पहिली पायरी हार्डवेअरशिवाय आहे. लॅपटॉपवर लिनक्स टाका, ओपन५जीएस हा कोअर (नेटवर्कचा मध्यवर्ती भाग) बसवा आणि त्यासमोर एसआरएसरॅन ४जी मधले बेस स्टेशन व फोन हे दोन्ही प्रोग्रॅम झीरोएमक्यू या संदेशवहनाच्या सॉफ्टवेअरने एकमेकांना जोडा. रेडिओचे नमुने अँटेनाऐवजी संगणकाच्या आतल्या आत फिरतात. फाइव्हजीसाठी यूईरॅनसिम हा फोन व बेस स्टेशनची नक्कल करणारा प्रोग्रॅम आहे. हा नुसता पोरखेळ समजू नका. ग्राहकाची नोंद करताना के आणि ओपीसी या दोन गुप्त किल्ल्यांपैकी एका किल्लीतला एक अंक मुद्दाम बदलून पाहा: फोन नेटवर्कलाच नाकारतो आणि नोंदीत ‘मॅक फेल्युअर’ असे कारण लिहिलेले दिसते. किल्ल्या बरोबर ठेवून ओळख पडताळणीचा अनुक्रमांक मागे न्या, तर ‘सिंक फेल्युअर’ येतो, पाठोपाठ फोन स्वतःचा अनुक्रमांक कळवतो आणि दुसऱ्या फेरीत जोडणी होते. फोनही नेटवर्कची ओळख तपासतो, जे टूजीमध्ये होत नसे, ही गोष्ट पुस्तकातून वाचण्यापेक्षा वायरशार्कमध्ये (नेटवर्कवरचे संदेश उलगडून दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) एकदा पाहिली की कायमची डोक्यात बसते. नेटवर्कची ओळख म्हणून चाचणीसाठी राखलेला ००१-०१ हाच क्रमांक वापरा. भारतातल्या खऱ्या नेटवर्कांचे क्रमांक ४०४ आणि ४०५ ने सुरू होतात, त्यांना हात लावू नका.

दुसरी पायरी केबलची. यात साधा फोन चालत नाही, कारण त्याला बाहेर अँटेनाचे टोक नसते. त्याऐवजी छोट्या जोडणीचे टोक असलेले एलटीई मोडेम मॉड्यूल आणि स्वतः लिहिता येईल असे सिम लागते, कारण तुमच्या नेहमीच्या सिममधली किल्ली कंपनीखेरीज कोणालाच ठाऊक नसते. मोडेम २३ डीबीएमपर्यंत शक्ती फेकतो, तर यूएसआरपी बी२१० सारख्या एसडीआरच्या (सॉफ्टवेअरने चालणाऱ्या रेडिओच्या) रिसीव्हर टोकाला उणे १५ डीबीएमपेक्षा जास्त सोसत नाही. थेट जोडलेत तर ते टोक जळू शकते. म्हणून मोडेमच्या बाजूला ३० डेसिबलचा अटेन्युएटर (सिग्नल क्षीण करणारा भाग), मग स्प्लिटर (सिग्नल दोन वाटांत विभागणारा) आणि त्याच्या दोन्ही फाट्यांवर आणखी ३०-३० डेसिबलचे अटेन्युएटर लावायचे. मोडेमचे दुसरे टोक उघडे न सोडता ५० ओहमच्या टर्मिनेटरने बंद करायचे. तरीही बोर्डावरून थोडी गळती होतेच, त्यामुळे मोडेम धातूच्या बंद पेटीत ठेवलेला बरा. खरेदीपूर्वी एवढे लक्षात घ्या की हॅकआरएफ हा एसडीआर एका वेळी एक तर पाठवतो किंवा घेतो, त्यामुळे एलटीईचा सेल त्यावर चालत नाही.

केबलने प्रक्षेपणाचा प्रश्न मिटतो, उपकरण बाळगण्याचा मिटत नाही. परवानामुक्त पट्ट्यांतल्या साधनांना ज्या प्रकारच्या मान्यतेवर आयात करता येते, तिच्यात कोणत्याही वारंवारतेवर प्रक्षेपण करू शकणारी एसडीआर सहज बसत नाही, आणि परदेशातून मागवलेली पेटी कस्टम्समध्ये अडकली की खुलासे देता देता सेमिस्टर संपते. म्हणून ही पायरी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, विभागाच्या नावाने खरेदी केलेल्या उपकरणावर करा असे मी सुचवीन. ऑक्टोबर २०२३ मध्ये देशभरातल्या १०० संस्थांना फाइव्हजी प्रयोगशाळा देण्यात आल्या आहेत. त्यातली एखादी तुमच्या आवाक्यात असेल तर आधी तिथे विचारा.

इतके झाल्यावरही खऱ्या फोनवर, खऱ्या हवेत सेल पाहायचा असेल, तर दूरसंचार विभागाच्या वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन विंगकडून प्रायोगिक परवाना मिळतो आणि त्याचा अर्ज सरल संचार या संकेतस्थळावर करता येतो. वारंवारता, शक्ती, ठिकाण आणि मुदत नेमकी लिहावी लागते, त्यामुळे पहिल्या दोन पायऱ्यांतले आकडे हाताशी असले की अर्ज लिहिणे सोपे जाते. अर्ज मार्गदर्शक प्राध्यापकांच्या सहीने संस्थेतर्फे पाठवा, आणि परवाना हातात पडेपर्यंत एसडीआरला अँटेना लावू नका.