काल्पनिक मंदिरात राहणाऱ्या छोट्या सरदाराच्या मुख्य सेवकाचं काम नेमकं काय असतं? तो कसा लिहावा?

तुमच्या कथेत अकरा वर्षांचा सरदारपुत्र घरच्यांनी मंदिरात आणून ठेवलाय. त्याच्या दिमतीला एक निष्ठावान मुख्य सेवक आहे, पण लिहायला बसलं की तो नुसता वाकून ‘आज्ञा’ म्हणतो, अशी तुमची अडचण आहे. असं होतं तेव्हा बहुतेक वेळा लेखकाने एक गोष्ट ठरवलेली नसते: त्या सेवकाचा पगार कोण देतं?

आधी तेच ठरवा. घराणं देत असेल तर दर महिन्याला घरी पत्र जाणार. मुलगा काय जेवला, कुणाशी बोलला, कुठे चुकला, हे कळवणं सेवकाच्या कामातच येतं. मंदिर देत असेल तर हीच माहिती महंतांकडे जाणार. मुलाच्या वाट्याच्या उत्पन्नातून पगार निघत असेल तर आणखी गंमत, कारण अकरा वर्षांच्या पोराला हिशेब कळत नाही. म्हणजे सेवक स्वतःचा पगार स्वतःच मोजून घेतो, आणि चहाड्या करणाऱ्यांना आयतंच निमित्त मिळतं. तिन्हींपैकी काहीही निवडा, पण निष्ठा दाखवायची जागा त्या पत्रातच आहे. मुलगा रात्रभर रडला आणि सकाळच्या पत्रात ‘झोप ठीक’ एवढंच लिहिलं गेलं, की वाचकाला कळतं हा माणूस कुणाचा आहे.

दुसरा प्रश्न मुलाच्या मानाचा. मंदिरात सरदारकी चालते का? इथे सहाव्या शतकातल्या ख्रिस्ती संत बेनेडिक्टच्या मठ-नियमांतून उसनं घेण्यासारखं बरंच आहे. त्या मठांत मानाचा क्रम वयावर किंवा कुळावर नसे, मठात पाऊल कधी टाकलं यावर असे. दिवसाच्या पहिल्या तासाला आलेला हा दुसऱ्या तासाला आलेल्यापेक्षा थोर, मग दुसरा कितीही मोठ्या घरचा असो. हा नियम तुमच्या मंदिराला लावून बघा. सरदारपुत्र रांगेत शेवटी उभा राहतो आणि त्याच्या पुढे कुणा मजुराचा मुलगा असतो. पहिल्याच संध्याकाळी हे समजावून सांगायचं काम मुख्य सेवकाचं. चारचौघांत नाही, कपडे बदलताना, पाठमोऱ्या मुलाशी बोलत.

त्याच नियमांत नातलगांकडून आलेलं पत्र किंवा भेटवस्तू मठाधिपतीच्या परवानगीशिवाय घ्यायला मनाई आहे, आणि परवानगी मिळाली तरी ती वस्तू कुणाला द्यायची हे मठाधिपतीच ठरवतो. श्रीमंत घरचा मुलगा अर्पण करताना पालकांना शपथ घ्यावी लागे की त्याला स्वतःची मालमत्ता देणार नाही. मठाला दान चालतं, मुलाला नाही. आता कल्पना करा, आईने लोकरीची शाल पाठवलीय. सेवक ती लपवेल, महंतांपुढे ठेवेल, की मंदिराच्या कोठीत दान म्हणून जमा करून थंडीच्या रात्री ‘कोठीतून उसनी’ आणेल? माझ्या मते खरा मुरलेला सेवक तिसरा मार्ग धरतो. नियमही मोडत नाही आणि मुलगाही गारठत नाही.

त्यासाठी वही हवी. रकाने पाच पुरतात: तारीख, कुणाकडून, काय, कुठे ठेवलं, परतभेट काय आणि कधी. शेवटचा रकाना लेखक विसरतात. भेट घेतली आणि परतभेट चुकली तर अपमान मुलाचा होतो, सेवकाचा नाही. शाई ओली असताना पान मिटल्यामुळे एक नाव पुसलं गेलं, एवढ्यावर एक अख्खं प्रकरण उभं राहतं.

आता रोजचं काम. एका मुलामागे पाच माणसं पुरे: मुख्य सेवक, कपडे-धुणं बघणारा, स्वयंपाकी, पाणी-लाकूड वाहणारा पोऱ्या, आणि निरोप्या. पंचवीस जणांचा ताफा ठेवलात तर कुणाचंच नाव वाचकाच्या लक्षात राहत नाही. मुख्य सेवक स्वतः पाणी वाहत नाही, पण किती लागतं ते त्याला तोंडपाठ असतं. अंघोळीला 40 लिटर कोमट पाणी धरा. साधारण 20 अंशांच्या गार पाण्यात 10 लिटर उकळतं आणि 30 लिटर गार मिसळलं की 40 अंश होतं. कडाक्याच्या थंडीत गार पाणी 5 अंशांवर आलं की उकळतं 15 लिटर लागतं, म्हणजे लाकूडही दीडपटीहून जास्त. 10 लिटरची एक बादली म्हणजे 10 किलो वजन, आणि खोली तिसऱ्या मजल्यावर असेल तर पोऱ्याच्या चार फेऱ्या. हे हिशेब पानावर मांडू नका. पण एका सकाळी पाणी गार निघालं तर कारण तुम्हाला माहीत हवं: पोऱ्या आजारी पडला, की कोठीवाल्याने लाकूड अडवलं? कोठीवाल्याने अडवलं असेल तर ते राजकारण आहे, आणि मुख्य सेवकाला ते पाण्यात बोट घालताच कळतं.

वेळ मोजायची सोयही आधीच ठरवा. इंग्लंडच्या आल्फ्रेड राजाच्या चरित्रात बारा इंची सहा मेणबत्त्यांचा उल्लेख आहे. प्रत्येक चार तास जळायची, म्हणजे इंचाला वीस मिनिटं. अडचण वाऱ्याची. झोत लागला की मेणबत्ती भरभर जळे आणि तास चुके, म्हणून पातळ तासलेलं शिंग बसवून लाकडी कंदील केला गेला. तुमचा सेवक मुलाला प्रार्थनेला उशिरा घेऊन पोचावा असं वाटत असेल, तर रात्री कुणीतरी खिडकी उघडी ठेवली एवढं पुरे.

सर्वात जास्त जागा विधीच्या दिवसाला द्या. सेवकाची खरी परीक्षा तिथे असते आणि बहुतेकजण तिथेच सगळं ‘भव्य सोहळा’ म्हणून उरकतात. मुलगा वाढत्या वयाचा आहे, वर्षाला पाच-सात सेंटीमीटर उंची सहज वाढते. म्हणून विधीच्या झग्याच्या खालच्या काठाला आठ-दहा सेंटीमीटर दुमड शिवून ठेवायची आणि दर विधीच्या आठवडाभर आधी झगा घालून बघायचा, तोही त्या दिवशीचे जोडे पायात घालून. काठ जमिनीपासून तीन-चार सेंटीमीटर वर हवा. टेकला तर पायरीवर अडखळणार, जास्त वर गेला तर उसना दिसणार. बाह्या रुंद असतील तर दिव्याजवळ हात नेताना दुसऱ्या हाताने बाही धरायची सवय चार दिवस आधी लावायची. मेण सांडलंच तर ओलं असताना पुसायचं नाही, पसरतं. घट्ट होऊ द्यायचं, बोथट सुरीने खरवडायचं, मग टिपकागद किंवा जुनं सुती कापड ठेवून वरून गरम इस्त्री. उरलेलं मेण कापडात उतरतं.

चार-पाच थरांचे कपडे उतरवून परत चढवायला अर्धा तास जातो. त्यामुळे कपडे चढवण्याआधी शौचाला नेणं आणि शेवटच्या तासात पाणी घोटभरच देणं ही सेवकाची जबाबदारी. उपवासाचा विधी असेल तर आदल्या रात्री नीट जेवू घालायचं. दीड-दोन तास ताठ उभं राहताना पोरं कोसळतात ती बहुधा गुडघे आवळून धरल्यामुळे. पोटऱ्यांची हालचाल थांबते, रक्त पायात साचतं, डोक्याला कमी पडतं. म्हणून गुडघे जरा सैल, आणि झग्याआड पायाची बोटं हलवत राहायची. सेवक खांबाशी अशा जागी उभा राहतो की मुलाला तो दिसावा. दोघांत एक खूण ठरलेली असते. मुलाचा चेहरा पांढरा पडला, ओठ सुकले की सेवक खाकरतो. कुणी म्हणेल हा विधीचा भंग झाला. होऊ दे. दुसऱ्या दिवशी माफी तोच मागणार आहे.

लिहिताना चुकतं कुठे? सेवक सर्वज्ञ होतो. प्रत्येक संकटावर त्याच्या बाहीत उत्तर असतं आणि मुलाला करायला काहीच उरत नाही. त्याला एका गोष्टीत अडाणी ठेवा. दरबारी रीत पाठ असेल पण मंत्रांची लिपी वाचता येत नसेल, किंवा मंदिर आतून माहीत असेल पण सरदारांच्या जेवणाच्या पंगतीत कधी उभा राहिला नसेल. मग मुलगा त्याला काहीतरी शिकवू शकतो. तो झोपतो कधी हेही ठरवा. मुलाच्या दाराबाहेरच्या खोलीत त्याची पथारी असेल तर रात्री दोनदा तरी जाग येणार. आठवड्यातून एक रात्र दुसऱ्याकडे किल्ल्या द्याव्याच लागतात, आणि चोरी व्हायची असेल तर त्याच रात्री होते.

हुद्द्याचं नाव जपून निवडा. ‘खिजमतगार’, ‘हुजऱ्या’ म्हटलं की दरबार उभा राहतो, मंदिर नाही. ‘परिचारक’ मंदिराला शोभतो, पण आजच्या वाचकाला आधी दवाखाना आठवतो. ‘कारभारी’ चांगला शब्द आहे, फक्त एखाद्या बाईच्या तोंडी ‘आमचे कारभारी’ येऊ देऊ नका, वाचक भलताच अर्थ लावतील. मला ‘सेवेकरी’ सोपा वाटतो, आणि त्यांच्यातला वडील तो ‘थोरला सेवेकरी’.

मराठीत लिहिताय तर सर्वनामं तुमच्या हाताशी आहेत, ती वाया घालवू नका. मुलगा आला तेव्हा त्याला ‘तू’ म्हणतो, घरी सगळ्या नोकरांना म्हणायचा तसाच. सेवक एरवी त्याला ‘तुम्ही’ म्हणतो, लोकांसमोर ‘आपण’. एकांतातही ‘आपण’ म्हणाला की मुलाने ओळखावं, आज काहीतरी बिनसलंय. आणि मुलगा ज्या दिवशी पहिल्यांदा त्याला ‘तुम्ही’ म्हणेल, त्या दिवशी सेवकाच्या हातात काहीतरी काम असू द्या, पादत्राणं पुसणं किंवा झग्याची दुमड उसवणं. त्याने मान वर करू नये.