नाईक कुठले, तेही सांग

तुझा कोड वाचला. लॉजिक चोख आहे, घोळ इम्पोर्टमध्ये, म्हणजे दुसऱ्या फाइलीतली नावं आपल्या फाइलीत घेण्यात आहे. हास्केल या प्रोग्रॅमिंग भाषेत तू डेटा.मॅप हे मॉड्यूल (कोडची वेगळी फाइल) सरळ इम्पोर्ट केलंस. फिल्टर, लुकअप ही फंक्शनं त्यातही आहेत आणि भाषेसोबत आपोआप मिळणाऱ्या प्रेल्यूड मॉड्यूलमध्येही. इम्पोर्टच्या ओळीवर कंपायलर (कोडचं यंत्रासाठी भाषांतर करणारा प्रोग्रॅम) गप्प बसतो. फिल्टर वापरलंस की ‘नेमकं कुठलं?’ म्हणून अडतो. आपल्या गोव्यात नुसतं ‘नाईकांकडे जा’ म्हटलं तर कोण पोचेल? फोंड्याचे की डिचोलीचे, हे सांगावंच लागतं. तेव्हा क्वालिफाइड इम्पोर्ट कर, म्हणजे फंक्शनच्या आधी मॉड्यूलचं नाव लागेल; त्याला एम असं टोपणनाव दे आणि एम.फिल्टर लिही.

पण मला खरा जीव लागलाय तो एक्स्पोर्टच्या यादीवर, म्हणजे मॉड्यूल कुठली नावं बाहेर देतं त्यावर. चोडणच्या फेरीबोटीच्या वेळापत्रकासाठी तू वेळेचा टाइप केलास ना, त्याचं फक्त नाव बाहेर दे; कन्स्ट्रक्टर, म्हणजे त्या टाइपची किंमत थेट बनवणारं नाव, आतच ठेव. बाहेरच्यांना एकच फंक्शन मिळू दे, तास-मिनिटं तपासून मेबी (बरोबर असेल तर वेळ, नाहीतर काहीच नाही) परत करणारं. मग २५ वाजून ७० मिनिटांची फेरी कुणाला बनवताच येणार नाही, आणि तपासणी जागोजागी पेरावी लागणार नाही.

दोन मॉड्यूल एकमेकांना इम्पोर्ट करायला लागले, तर ते चक्र तोडायला सामाईक टाइप तिसऱ्यात काढ.

आधी वेळेची तेवढी फाइल बदलून पाठव, रात्री बघतो.