"तुम्ही यात बसत नाही" म्हणून तोंडी परत पाठवलं, वकिलाला पैसे नाहीत. दाद कुठे मागायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मावशीला नवऱ्याने सोडून बरीच वर्षं झाली. ती एकटी राहते, मिळेल ती मजुरी करते. केशरी रेशनकार्ड आहे पण धान्य मिळत नाही. निराधार योजनेसाठी तहसीलला गेली तर "तुम्ही यात बसत नाही" म्हणून परत पाठवलं. आता डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलंय. अशा बाईला मोफत वकील खरंच मिळतो का, आणि सुरुवात कुठून करायची?

मिळतो. मी तालुक्याच्या विधी सेवा समितीबरोबर विधी स्वयंसेवक म्हणून काम करतो, आणि मावशींसारख्या बायका रोज भेटतात. वकिलाचं पुढे सांगतो, पण त्याआधी त्या "बसत नाही"बद्दल बोलायला हवं. बहुतेकांचे हक्क तिथे, खिडकीवरच बुडतात. प्रकरण वकिलापर्यंत जातच नाही.

मावशींना "बसत नाही" कोणी सांगितलं? नायब तहसीलदारांनी, कारकुनाने, की दाराशी अर्ज भरून देणाऱ्या एजंटने? बहुतेक वेळा हे माणसाला सांगताच येत नाही. तोंडी नकाराची कुठे नोंद नसते आणि ज्याची नोंद नाही त्यावर अपील होत नाही. उद्या तुम्ही वरच्या साहेबांकडे गेलात तर ते म्हणतील, "यांचा अर्जच आलेला नाही." आणि कागदोपत्री ते खरंच असेल.

म्हणून पहिलं काम अर्जाचं. अर्ज दोन प्रतींत करा. एक कार्यालयात द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. याला पोच म्हणतात आणि ती मागणं हा उद्धटपणा नाही, हे मावशींना आधीच समजावून ठेवा. आपल्याकडे गरीब माणूस साहेबाकडे कागद मागायला घाबरतो. अर्ज घेतच नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. अर्जात एक ओळ जरूर घाला: "अर्ज नामंजूर केल्यास कारणासह लेखी कळवावे."

ही ओळ हवेत नाही. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क अधिनियम आहे. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, रेशनकार्डाची कामं अशा कितीतरी सेवा त्याखाली अधिसूचित आहेत. अशा सेवेचा अर्ज फेटाळायचा तर कारण लेखी द्यावं लागतं, आणि अपील कोणाकडे, किती दिवसांत करायचं हेही सांगावं लागतं. पहिलं अपील तीस दिवसांत, त्याच खात्याच्या वरच्या अधिकाऱ्याकडे. मग दुसरं अपील, मग लोकसेवा हक्क आयोग. विनाकारण अडवणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. रक्कम फार नाही, पण दंडाची नोंद कुणालाच नको असते. कोणती सेवा किती दिवसांत, याचा फलक कार्यालयात लावणं बंधनकारक आहे. तो शोधा, मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

आता निराधार योजना. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत परित्यक्ता, म्हणजे नवऱ्याने सोडलेल्या, स्त्रिया बसतात. वय पासष्टच्या आत, राज्यात किमान पंधरा वर्षं वास्तव्य आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांपर्यंत. अनुदान महिना १,५०० रुपये. मावशी अडकल्या असतील तर बहुधा त्या २१,००० वर. म्हणजे महिन्याला १,७५० रुपये! आजच्या काळात जिवंत असलेल्या कुठल्या माणसाचं उत्पन्न एवढं कमी असेल? ही मर्यादा बदलायला हवी असं मला मनापासून वाटतं आणि जिथे संधी मिळते तिथे मी ते बोलतो. पण आज नियम हा आहे. म्हणून उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज नीट करा. नवऱ्याचं किंवा भावाचं उत्पन्न मावशींच्या नावावर धरलं जात नाही ना, हे तलाठ्याच्या अहवालात पाहा. एकटी राहणारी बाई भावाच्या घराशेजारी खोलीत राहते म्हणून त्याच्या कुटुंबात मोजली गेली, असं मी पाहिलंय. तसं झालं असेल तर वेगळी चूल, वेगळं रेशनकार्ड, वेगळं वीजबिल असं जे काही असेल ते अर्जाला जोडा.

दुसरा अडसर "नवऱ्याने टाकलं याला पुरावा काय?" हा. घटस्फोट नाही, पोलिसांत कधी गेलेली नाही, कुठे कागदच नाही. इथे मोफत वकील फार कामाला येतो. पोटगीचा अर्ज कोर्टात दाखल झाला की, सोडून दिल्याची गोष्ट पहिल्यांदा सरकारी कागदावर येते.

अर्ज देऊनही निराधार समितीचं, म्हणजे या अर्जांवर निर्णय घेणाऱ्या समितीचं, उत्तर येत नसेल तर माहिती अधिकार वापरा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. दारिद्र्यरेषेखालच्यांना तोही लागत नाही, फक्त तसा पुरावा जोडायचा. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, म्हणून कैफियत न लिहिता नेमकं विचारा: माझा अमुक तारखेचा, अमुक आवक क्रमांकाचा अर्ज समितीपुढे कधी ठेवला, काय निर्णय झाला, नामंजूर असल्यास कारण काय, आणि त्या टिपणीची प्रत द्या. उत्तराची मुदत तीस दिवस. बऱ्याचदा हा अर्ज गेला की मूळ फाइल आपोआप हलते.

रेशनचं वेगळं आहे आणि तिथे गैरसमज फार. केशरी कार्ड असलं म्हणजे धान्य मिळतंच असं नाही. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याखाली अंत्योदय, म्हणजे सगळ्यांत गरीब, कुटुंबाला महिन्याला ३५ किलो आणि प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येक माणसाला ५ किलो धान्य मिळतं. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. महाराष्ट्रात प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ४४,००० आणि शहरात ५९,००० रुपये. मावशी या मर्यादेत असतील तर तहसीलच्या पुरवठा शाखेत "प्राधान्य कुटुंबात समावेश करावा" असा अर्ज द्या. तिथे हमखास उत्तर मिळेल, "इष्टांक संपलाय." हे पूर्ण खोटं नसतं. राज्याला लाभार्थ्यांची संख्या ठरवून दिलेली आहे आणि ती तालुक्यांत वाटलेली असते. पण मयत झालेले, गाव सोडून गेलेले, उत्पन्न वाढलेले लोक कमी होतात तशी जागा निघते आणि ती अर्ज केलेल्यांतून भरावी लागते. जिचा अर्जच नाही तिचा नंबर कधी लागणार? नाव अजून नवऱ्याच्या कार्डावर असेल तर आधी ते कमी करून घ्यावं लागेल. तो माणूस सही देत नसेल तर तसं अर्जातच लिहा. यादीत नाव असूनही दुकानदार धान्य देत नसेल तर १९६७ वर तक्रार नोंदवा, तक्रारीचा क्रमांक घ्या. या कायद्यात जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आणि त्यांच्यावर राज्य अन्न आयोग आहे, आणि हक्काचं धान्य दिलं नाही तर त्याऐवजी अन्न सुरक्षा भत्ता देण्याची तरतूदही आहे.

ऑपरेशनचं थांबवू नका. आधी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ते बसतं का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, विचारा. बसत नसेल तर धर्मादाय रुग्णालय गाठा. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक खाली अशा रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. निर्धन म्हणजे वार्षिक उत्पन्न १,८०,००० पर्यंत, म्हणजे मावशी नक्की बसतील. मोठी, चकचकीत, खासगी वाटणारी अनेक रुग्णालयं प्रत्यक्षात धर्मादाय असतात. तिथल्या समाजसेवा विभागात जा, "खाट नाही" म्हणाले तर तेही लिहून मागा आणि धर्मादाय आयुक्तांच्या जिल्हा कार्यालयात तक्रार करा.

आता वकील. राज्यघटनेचं अनुच्छेद ३९ क सांगतं की पैशाअभावी कुणी न्यायाला मुकू नये. त्यासाठी १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा आहे. त्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींतले लोक, अपंग, औद्योगिक कामगार, कोठडीत असलेले, आपत्तीग्रस्त यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. मावशी स्त्री आहेत, बस्स. त्यांच्याकडे कुणी उत्पन्नाचा दाखला मागितला तर कलम १२ चं नाव घ्या. तुम्ही स्वतः पुरुष असाल आणि या गटांत मोडत नसाल तर महाराष्ट्रात वार्षिक तीन लाखांची मर्यादा आहे, आणि उत्पन्नाबद्दल तुमचं प्रतिज्ञापत्रही पुरेसं धरता येतं, असं कलम १३ म्हणतं. तालुका न्यायालयाच्या आवारात विधी सेवा समितीचं कार्यालय असतं, जिल्हा न्यायालयात जिल्हा प्राधिकरणाचं. साध्या कागदावरचा अर्ज चालतो. लिहिता येत नसेल तर आमच्यासारखे स्वयंसेवक लिहून देतात. जाणं जमत नसेल तर १५१०० वर फोन करा.

नेमलेल्या वकिलाने तुमच्याकडून एक रुपयाही घ्यायचा नसतो. कोर्ट फी, टायपिंग, साक्षीदारांचा खर्च यांचाही त्या मदतीत समावेश आहे. कुणी "थोडे द्या, काम लवकर होईल" म्हणालं तर प्राधिकरणाच्या सचिवांना लेखी कळवा. ते स्वतः न्यायाधीश असतात. वकील तारखांना येत नसेल तर बदलून मागता येतो. पॅनेलवर, म्हणजे प्राधिकरणाच्या वकिलांच्या यादीवर, मन लावून लढणारे वकील आहेत आणि उरकून टाकणारेही आहेत, म्हणून हे माहीत असलेलं बरं.

मावशींनी पोटगीचा अर्ज करावा असं मी आग्रहाने सांगेन. फौजदारी प्रक्रिया संहितेतलं पूर्वीचं कलम १२५ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झालंय. घटस्फोट झालेला नसला तरी चालतो आणि अर्ज मावशी जिथे राहतात तिथल्या कोर्टात करता येतो, नवऱ्याच्या गावी खेटे घालायला लागत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलंय की पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची आणि दोघांनीही आपली मिळकत प्रतिज्ञापत्रावर उघड करायची. म्हणजे अर्जाला जितके महिने उशीर, तितक्या महिन्यांची पोटगी गेली. अंतरिम पोटगी, म्हणजे निकाल लागेपर्यंतची, सोबतच मागा.

ऑपरेशनची तारीख जवळ असेल तर रुग्णालयाचं आधी बघा, पण न्यायालयातला अर्ज त्याच आठवड्यात टाकून या. जाताना आधार, रेशनकार्ड, असेल तर लग्नपत्रिका किंवा लग्नाचा फोटो, नवऱ्याचा पत्ता आणि तो काय काम करतो याची माहिती एवढं सोबत असू द्या. मूळ कागद कुणाच्याही हातात ठेवून येऊ नका, झेरॉक्स द्या. आणि तहसीलमधून काय लेखी उत्तर आलं ते इथे टिप्पणीत लिहा, नाव-पत्ता झाकून. पुढचं अपील लिहायला मी मदत करेन.