कम्प्युटर रखडतोय? आधी डिस्क बघा

घरचा कम्प्युटर मंदावला की लोक एकतर फॉरमॅट मारतात, नाहीतर नवा घेतात. त्याआधी दहा मिनिटं नेमका अडथळा शोधायला द्या, हे आमचं आग्रहाचं सांगणं आहे. ठाणे आणि नवी मुंबईतल्या वाचकांचे निवडक प्रश्न खाली घेतले आहेत.

प्रश्न : २०१७ चा लॅपटॉप आहे. आय-थ्री, ४ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क, विंडोज १०. सुरू केल्यावर कामाला लागायला सात-आठ मिनिटं घेतो. दुकानदार म्हणतो, फॉरमॅट मारून रॅम वाढवा. काय करावं?
– वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : फॉरमॅट नको, आणि रॅमही आधी नको. लॅपटॉप सुरू झाल्याबरोबर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात 'परफॉर्मन्स'वर जा आणि काहीही न उघडता नुसतं बघत राहा. प्रोसेसर वीस-तीस टक्क्यांवर आणि डिस्क सतत शंभर टक्क्यांवर दिसली, तर दुखणं डिस्कचं आहे. तुमच्या वर्णनावरून तेच दिसेल.

लॅपटॉपमधली साधी हार्ड डिस्क मिनिटाला ५४०० फेऱ्या मारते, म्हणजे एका फेरीला ११ मिलिसेकंद. विंडोज सुरू होताना हजारो बारीक फायली डिस्कच्या निरनिराळ्या जागांवरून वाचतं. दर वेळी वाचणारा हेड सरकणार, मग हवी ती जागा फिरून त्याच्याखाली येणार. या हिशेबाने सेकंदाला साठ-सत्तर वाचनं झाली तरी खूप. एसएसडीत, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारं काहीच नसतं, तिथे हेच काम सेकंदाला हजारोंनी होतं. शिवाय ४ जीबी रॅम भरली की विंडोज उरलेला पसारा त्याच डिस्कवर टाकतं, त्यामुळे ती आणखी गुदमरते. फॉरमॅट मारल्यावर बरं वाटतं ते फायली कमी झाल्यामुळे. पुन्हा भरल्या की पहिले पाढे पंचावन्न.

तेव्हा अडीच इंची साटा (हार्ड डिस्कच्याच जोडणीत बसणारी) एसएसडी घ्या. २५० जीबी लवकर भरते, म्हणून ५०० जीबीची बघा. सोबत यूएसबी-टू-साटा केबल लागेल. मग हा क्रम पाळा. आधी क्रिस्टल डिस्क इन्फो हे मोफत सॉफ्टवेअर चालवून जुन्या डिस्कची तब्येत बघा. 'करंट पेंडिंग सेक्टर' किंवा 'रीअलोकेटेड सेक्टर' या खराब जागांच्या नोंदींच्या शेवटच्या रकान्यात शून्याखेरीज आकडा असेल, तर क्लोन (जुन्या डिस्कची एसएसडीवर जशीच्या तशी नक्कल) करायच्या भानगडीत पडू नका. ते बऱ्याचदा मधेच अडकतं आणि आजारी डिस्कला तासन्‌तास राबवतं. अशा वेळी फोटो आणि कागदपत्रं आधी बाहेर काढा आणि एसएसडीवर विंडोज नव्याने घाला.

डिस्क धडधाकट असेल तर क्लोन करा. एसएसडी बनवणाऱ्या बऱ्याच कंपन्या त्यासाठी स्वतःचं सॉफ्टवेअर फुकट देतात, तेच वापरा. क्लोनझिला हे क्लोन करायचं सॉफ्टवेअर उत्तम आहे, पण १ टीबीवरून ५०० जीबीवर जायचं तर आधी पार्टिशन (डिस्कचा कप्पा) लहान करावं लागतं आणि नवख्या माणसाचा तिथेच घोटाळा होतो. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या आणि ते आधी बंद करा. डिस्क बदलताना चार्जर काढा, मागचं झाकण उघडून बॅटरीचा कनेक्टरही सोडवा. पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क यूएसबीला लावलेली ठेवू नका. दोन्हींची ओळख-सही एकच असल्याने विंडोज एकीला ऑफलाइन करतं. बायॉसमधला (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंग्जमधला) साटा मोड जसा आहे तसाच राहू द्या. तो बदलला की विंडोज सुरू न होता निळा पडदा आलाच म्हणून समजा.

एवढं झाल्यावर पुन्हा टास्क मॅनेजर बघा. नेहमीचं काम चालू असताना मेमरी ८५-९० टक्क्यांच्या वर राहत असेल तर मग रॅम वाढवा. त्या काळातल्या लॅपटॉपांत डीडीआर३एल आणि डीडीआर४ या दोन्ही प्रकारची रॅम सापडते आणि एकीची पट्टी दुसरीच्या खाचेत बसत नाही. म्हणून दुकानात जाताना जुनी पट्टी काढून सोबत न्या.

प्रश्न : विंडोज १० चा सपोर्ट संपला. आमचा डेस्कटॉप सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह आहे, ८ जीबी रॅम, एसएसडी आहे. चांगला चालतोय. भंगारात काढायचा का?
– वाचक, वाशी

उत्तर : अजिबात नाही. सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे खरं. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, त्यामुळे तुमचं मशीन त्या यादीत बसत नाही. आडवाटेने ११ घालता येतं, पण पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी नाही, म्हणून घरच्या एकुलत्या कम्प्युटरवर आम्ही ते सुचवणार नाही. मायक्रोसॉफ्टची वाढीव सुरक्षा-अपडेटची योजना घरगुती ग्राहकांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहे, तिची नोंदणी सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटमधून होते.

कायमचा मार्ग म्हणजे लिनक्स मिंट, विंडोजच्या जागी चालणारं मोफत सॉफ्टवेअर. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर ते टाका आणि मशीनवर काहीही न पुसता पेनड्राइव्हवरूनच सुरू करून बघा. वाय-फाय, आवाज, प्रिंटर आणि मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड चालतो का, हे तिथेच तपासा. एक अडचण मात्र आधी बघून घ्या. घरात कोणी श्रीलिपीसारख्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये मजकूर टाइप करत असेल किंवा डिजिटल सहीचं टोकन वापरत असेल, तर त्या कामासाठी विंडोज ठेवावंच लागेल. बाकी ब्राउझर, ईमेल, पत्रं, हिशेब यांसाठी मिंट भरपूर झालं.

प्रश्न : तळमजल्यावर राहतो, खाडी जवळ आहे. दर पावसाळ्यात डेस्कटॉपचा पंखा फिरतो, पण मॉनिटरवर काही येत नाही आणि बीप वाजत राहते.
– वाचक, ऐरोली

उत्तर : सतत वाजणारी बीप बहुतेक वेळा रॅमची असते. दमट, खारट हवेत पट्टीच्या सोनेरी दातांवर आणि खाचेत बारीक थर जमतो, त्यावर धूळ बसते आणि जोड नीट लागत नाही. मदरबोर्ड गेला असं कोणी सांगितलं तर आधी हे करून बघा.

प्लग काढा आणि पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलेला करंट निघून जाईल. कॅबिनेटच्या लोखंडाला हात लावून मगच पट्टी काढा. पांढऱ्या मऊ खोडरबराने दात हलकेच पुसा, पण हे काम कॅबिनेटपासून दूर, कागदावर करा. खोडरबराचा चुरा खाचेत गेला तर दुखणं वाढतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल असेल तर ते अधिक चांगलं. खाच कोरड्या, मऊ ब्रशने झाडा, तिच्यात फुंकर मारू नका, तोंडातली वाफ आत जाते. पट्टी परत बसवताना दोन्ही टोकांचे खटके टक्‌ करून लागले पाहिजेत. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून सुरू करा, म्हणजे खराब कोणती ते कळेल.

कॅबिनेट फरशीवरून उचलून स्टुलावर ठेवा आणि ओल आलेल्या भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. पावसाळ्यात काम नसलं तरी रोज अर्धा-एक तास चालू ठेवा, आतल्या उबेने दमटपणा टिकत नाही.

प्रश्न : कम्प्युटर रोज जुनी तारीख दाखवतो आणि बँकेची वेबसाइट 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणते. व्हायरस आहे का?
– वाचक, कोपरी, ठाणे

उत्तर : नाही. मदरबोर्डवरची सीआर२०३२ ही तीन व्होल्टची, बटणासारखी बॅटरी संपली आहे. तारीख चुकली की वेबसाइटचं सुरक्षा-प्रमाणपत्र मुदतीबाहेरचं ठरतं. बॅटरी बदला, बायॉसमध्ये तारीख लावा. बॅटरी काढण्याआधी बायॉसच्या पडद्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कारण बाकीच्या सेटिंग्जही मूळपदावर गेलेल्या असू शकतात.

प्रश्न : स्पीड वाढवणारं कुठलं सॉफ्टवेअर घालावं?
– वाचक, कळवा

उत्तर : कुठलंही नको. टास्क मॅनेजरमधल्या 'स्टार्टअप'मध्ये जाऊन गेम, चॅट, प्रिंटर आणि अपडेटरची आपोआप सुरू होणारी मंडळी 'डिसेबल' करा. मुदत संपलेला अँटिव्हायरस काढून टाका, विंडोजचा स्वतःचा डिफेंडर पुरेसा आहे.

प्रश्न : इंटरनेटचा प्लॅन २०० एमबीपीएसचा आहे. केबल लावूनही स्पीड कायम ९४ च्या आसपास. कंपनी म्हणते, आमच्याकडून बरोबर आहे.
– वाचक, खारघर

उत्तर : ९४ हा आकडाच सगळं सांगतो. तुमचा जोड १०० एमबीपीएसवर लागला आहे आणि त्यातून प्रत्यक्षात एवढंच हाती येतं. सेटिंग्जमध्ये इथरनेटच्या माहितीत 'लिंक स्पीड' बघा. तिथे १०० असेल तर केबल बदलून पाहा: गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसला, केबलमधल्या आठही तारा लागतात, आणि एखादी तुटलेली किंवा प्लगमध्ये नीट न बसलेली असली की जोड निमूटपणे १०० वर उतरतो. कॅट-५ई किंवा कॅट-६ छापलेली तयार केबल घ्या. तरीही १०० च दिसलं तर राउटरचे पोर्ट बघा. स्वस्त राउटरांत ते १०० चेच असतात आणि तिथे केबल कितीही चांगली असली तरी उपयोग नाही.