होळी ते पाडवा, लहान मुलांना घेऊन विदर्भातल्या गावी राहावं का?

ताई, तुमचा प्रश्न असा की यवतमाळ जिल्ह्यात सासरी होळीपासून पाडव्यापर्यंत राहायचं आहे, सोबत पाच वर्षांची मुलगी आणि पाच महिन्यांचं बाळ. पुण्याची लेकरं तिथं कंटाळतील का आणि ऊन झेपेल का? कंटाळणार नाहीत. ऊनही झेपेल, पण त्यासाठी तुम्हाला पुण्याचं घड्याळ पुण्यातच ठेवून यावं लागेल.

मी याच जिल्ह्यात, दारव्ह्याकडच्या एका खेड्यात राहते. सासू-सासरे, मोठे दीर, जाऊबाई आणि लेकरं असं भरलं घर आहे. दर फाल्गुनात कोणी ना कोणी पुण्या-मुंबईहून येतं, त्यामुळे हे सगळं जवळून पाहिलेलं आहे.

आमच्याकडे वसंत असतो, नाही असं नाही. पण तो सकाळी साडेनऊपर्यंत आणि संध्याकाळी पाचनंतर. मधला वेळ उन्हाळ्याचा. मार्चच्या सुरुवातीला पारा 34-35 च्या आसपास असतो आणि रात्री पांघरूण लागतं. महिना संपता संपता तो 39-40 ला टेकतो. शाळासुद्धा हे ओळखून सकाळच्या होतात, आणि जूनमध्ये उरलेल्या महाराष्ट्राच्या मागाहून उघडतात. पाहुणे मात्र आठला उठतात, दहापर्यंत चहा-पोहे चालतात आणि अकराला म्हणतात, चला, मुलांना वावर दाखवू. बारा वाजता तेच लेकरू लालबुंद होऊन येतं, संध्याकाळी ओकतं, आणि मग "गावचं पाणी बाधलं" असं ठरतं.

तर पोरीला साडेपाच-सहाला उठू द्या. उठवावं लागतही नाही. गोठ्यात बादली वाजली की लेकरं आपोआप बाहेर येतात. त्या वेळी वावरात हवा थंड असते. गहू पिवळा झालेला असतो, उशिरा पेरलेला चना कुठं कुठं हिरवा सापडतो. घाटे तोडून तिथंच सोलून खाऊ द्या. चन्याच्या पानांवर आंबट खार असतो, तो बोटांना लागतो आणि पोरं बोटं चाटत फिरतात. कपाशी संपलेली असते, पऱ्हाटी उपटून धुऱ्यावर रचलेली असते. एका गोष्टीकडे मात्र बघा: तूर कापलेल्या वावरात धसकटं उभी असतात. विळ्याच्या तिरक्या घावामुळं त्यांची टोकं खिळ्यासारखी होतात आणि रबरी चप्पल आरपार जाते. पोरीला बंद बूट घाला. पाच ते सहा वर्षांच्या मध्ये त्रिगुणी लसीचा (यात धनुर्वाताचीही लस येते) दुसरा बूस्टर असतो, तो झालाय का हेही निघण्याआधी कार्डावर पाहून घ्या.

होळीचं सांगायचं तर मजा होळीच्या दिवशी कमी आणि आधीच्या आठ दिवसांत जास्त असते. म्हणून जमलं तर थोडं आधीच या. पोरं शेणाच्या चाकोल्या करतात: छोट्या चपट्या गोवऱ्या, मधे बोटानं पाडलेलं भोक. काही पोरी चंद्र, सूर्य, पान असे आकारही काढतात. भिंतीच्या कडेला त्या वाळत पडतात, वाळल्या की सुतळीत ओवून माळ करायची आणि ती होळीला घालायची. तुमची मुलगी पहिल्या दिवशी शेणाला हात लावणार नाही. दुसऱ्या दिवशी तिला न्हाणीतून बाहेर काढताना तुमचीच दमछाक होईल. "शी, घाण" हे शब्द तुमच्या तोंडून आले नाहीत तर तिच्याही तोंडी येत नाहीत, एवढं मी पाहिलेलं आहे.

रंगासाठी पळस. त्या दिवसांत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तो फुललेला असतो आणि फुलं खालीच पडलेली मिळतात, फांद्या मोडायची गरज नाही. काळे मखमली देठ काढून पाकळ्या पातेल्यात उकळायच्या आणि रात्रभर तशाच ठेवायच्या. सकाळी केशरी-पिवळं पाणी गाळून घ्यायचं. त्यात चिमूटभर चुना टाकला तर रंग गडद होतो, पण लेकरांच्या पाण्यात आम्ही चुना घालत नाही. फिका रंग चालतो, डोळ्यांची आग चालत नाही. धुळवडीच्या दिवशी बाजारातले चकाकणारे रंग घेऊन मोठी पोट्टी दुपारपर्यंत गल्लीत असतात, तेवढा वेळ बाळाला आतल्या खोलीत ठेवा आणि कुणाला वाईट वाटेल याची काळजी करू नका.

बाळाची पहिली होळी म्हणून नातेवाईक गाठी आणतील. साखरेच्या त्या माळेतून फोटोपुरतं बाळ दिसू द्या, मग गाठी डब्यात. दोरा गळ्यात राहू देऊ नका, साखर चाटवू नका. घाम आणि साखर एकत्र आली की मुंग्या अंथरुणापर्यंत येतात.

आता दुपार. खरा प्रश्न दुपारचाच आहे. मुलांना काय दाखवायचं याची यादी सगळे करून आणतात, पण दहा ते पाच घरात काय करायचं याचा विचार कुणी करत नाही, आणि मग मोबाईल हातात येतो. सुदैवानं या दिवसांत घरात वाळवणं सुरू होतात. तुमच्या सासूबाई कुरडया करणार असतील तर तो आठवडा चुकवू नका. गहू तीन दिवस भिजतो, पाणी रोज बदलायचं. तिसऱ्या दिवशी त्याला आंबूस वास सुटतो आणि लेकरं नाक धरून कोठीतून पळतात. मग वाटून, गाळून चीक खाली बसू द्यायचा. चौथ्या दिवशी अंधार असतानाच चूल पेटते, कारण ऊन चढायच्या आत साचा रिकामा झाला पाहिजे. मोठ्या गंजात एक जण चीक ओतते आणि दुसरी लाकडी दांड्यानं घोटते. गुठळी झाली की दोघींची बोलाचाली होते, ती ऐकण्यासारखी असते. पोरं वाट्या घेऊन आधीच रांगेत. गरम चिकात दूध-साखर घालून द्यायचा. आमच्या सासऱ्यांना तेल-तिखट लागतं. तुमच्या मुलीला कुरड्या घालता येणार नाहीत, पण राखण करता येईल. साडीवर कुरड्या पसरल्या की कावळे, चिमण्या आणि शेजारची बकरी यांच्यावर नजर ठेवायला सावलीत काठी घेऊन एक पोरगं बसवतात. हे खरं काम आहे, खेळातलं नाही, आणि पोरांना तो फरक नेमका कळतो. आमची धाकटी इतर वेळी एका जागी बसत नाही, पण तिथं सरपंचाच्या थाटात बसते.

बाकी दुपारी झोप. ओसरीत ओलं फडकं दाराला लावून सगळी लेकरं एका सतरंजीवर. चुलत भावंडं असतील तर झोप थोडी आणि खुसखूस जास्त होते, तेवढं चालायचंच. चार वाजता ताक किंवा कैरीचं पन्हं. पाचला अंगणात पाणी शिंपडलं की गोट्या, लगोरी, गिल्ली-दांडू सुरू. गिल्ली-दांडू चालू असताना पोरीला मागे उभं करा, गिल्ली डोळ्यावर येते.

खाण्याचं थोडक्यात: आमचं तिखट तुमच्या पोरीला झेपणार नाही, वरण-भात वेगळा काढायला पहिल्याच दिवशी सांगून टाका, लाजू नका. पाणी उकळून गाळून द्या.

बाळाबद्दल सविस्तर लिहिते, कारण घरात वाद होणार आहे. पहिल्या गरम दुपारी आजी म्हणतील, "पाणी पाज ना वं दोन चमचे, घसा सुकला असंन लेकराचा." त्यांची माया खोटी नाही, पण सहा महिने पूर्ण होईपर्यंत अंगावर पिणाऱ्या बाळाला वरचं पाणी लागत नाही, कडक उन्हाळ्यातही नाही. आईच्या दुधात 85 टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. वरच्या पाण्यानं पोट भरतं, दूध कमी पितं, आणि पाणी खराब असेल तर हगवण. तुम्ही स्वतः भरपूर पाणी प्या आणि बाळाला जरा जास्त वेळा पाजा. दिवसभरात सहा किंवा जास्त वेळा लंगोट ओले होत असतील तर काळजी नाही. सासूबाईंशी थेट हुज्जत घालू नका. आशाताई किंवा अंगणवाडीच्या बाई घरी आल्या की त्यांच्यासमोर मुद्दाम विचारा, "पाणी द्यायचं का हो?" त्यांच्या तोंडून नाही आलं की सासूबाई ऐकतात, सुनेच्या तोंडून आलं की तो उद्धटपणा होतो. डायपर दुपारी काढून सुती लंगोट लावा, नाहीतर घामोळ्यांनी बाळ रात्रभर रडेल. काजळ टाळूला किंवा तळपायाला लावू द्या, डोळ्यांत नको. पोरीला मात्र मागेल तेव्हा पाणी, आणि ओआरएसची पाकिटं सोबत असू द्या. ती संपली तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा.

ऊन, माती, शेण यांना घाबरू नका. घाबरायचं असेल तर कूलरला घाबरा. मार्चमध्ये घरोघरी पत्र्याचे जुने कूलर माळ्यावरून उतरतात, नव्या ताट्या लागतात, पाणी भरतं, आणि अर्थिंग कुणी तपासत नाही. ओल्या पायानं, ओल्या हातानं पत्र्याला हात लावलेलं लेकरू दगावल्याची बातमी विदर्भात दर उन्हाळ्यात येते. गेल्या गेल्या घरातल्या पुरुषांना सांगून वायर आणि अर्थिंग पाहायला लावा. पाणी भरताना नुसतं बटण बंद नाही, पिनच काढायची. कूलर खिडकीच्या बाहेर असावा आणि पोरांचा हात पोचणार नाही असा.

दुसरं म्हणजे शेततळं. 2016 पासून सरकारी योजनेतून गावोगावी शेततळी झाली. आत प्लास्टिक अंथरलेलं असतं. पाय घसरला तर त्या उतारावर मोठ्या माणसालाही वर चढता येत नाही, लेकराची तर गोष्टच सोडा. विहिरीला निदान कठडा असतो, कधी कधी. वावरात जाताना पोरीचा हात एका ठरलेल्या माणसाच्या हातात द्या. "सगळे आहेत ना" म्हणजे कुणीच नाही.

आणि विंचू. गोवऱ्यांचा ढीग, पऱ्हाटी, ओसरीतल्या चपला, या त्याच्या जागा. बूट झटकून घालायची सवय पहिल्या सकाळीच लावा. चावलाच आणि लेकराला दरदरून घाम, ओकाऱ्या, हातपाय गार असं दिसलं तर एक क्षणही झाडपाल्यात घालवू नका, 108 ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीनं दवाखाना गाठा. यावर औषध आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनचा उपयोग दाखवून दिल्यापासून कितीतरी लेकरं वाचली आहेत. रात्री जमिनीवर झोपवू नका, खाट आणि मच्छरदाणी, कडा गादीखाली खोचून; मण्यारीचा दंश झोपेत कळतही नाही.

ढग आले तर वावरातून परत. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चची गारपीट इकडचे लोक अजून विसरले नाहीत.

पाडव्यापर्यंत थांबाच. गुढीला पुन्हा गाठी येते, तोवर तुमची मुलगी "मले पायजे" म्हणायला लागलेली असेल. पुण्याच्या शाळेत बाई दुरुस्त करतील, तुम्ही करू नका.

सोबत आणायचं ते एवढंच: बंद बूट, सुती कपडे, कानटोपी नाही तर दुपट्टा, मच्छरदाणी, टॉर्च, तापाचं औषध आणि डॉक्टरांनी लिहून दिलेला त्याचा डोस. खेळणी नकोत, चार दिवसांत ती गल्लीची होतात आणि भांडणं लागतात. रेल्वेनं येणार असाल तर धामणगावला उतरून पुढं एसटी. एसटीत तुम्हाला अर्धं तिकीट आहेच. धुळवडीच्या दिवशी दुपारपर्यंत गाड्या तुरळक असतात, तो दिवस प्रवासाचा धरू नका. आणि होळीआधीच्या दोन-तीन दिवसांत पुण्याहून निघणाऱ्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते, आरक्षण उघडलं की लगेच करून टाका.